गोठा पाडण्याआधी त्यातल्या वह्या वाचा : कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
राज्यातली चारही कृषी विद्यापीठं आणि महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ

विषय : महाविद्यालयांच्या आवारातले जुने गोठे निर्लेखित करण्यापूर्वी त्यांचा इतिहास नोंदवण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी ज्या महाविद्यालयात शिकलो, तिथला जुना गोठा पाडायचा प्रस्ताव सध्या या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही एका प्राचार्यांविरुद्धची तक्रार नव्हे, आणि नाव बदललं तरी मजकूर बदलू नये अशी अवस्था इतरत्रही मी पाहिली आहे. भिंतीतून पिंपळ फुटलेला, निम्मी कौलं उतरवून नेलेली, दारावर ‘धोकादायक इमारत’ असा फलक, आत मोडकी बाकं, बंद पडलेले संगणक आणि कुठल्याशा प्रदर्शनाचे कापडी फलक. जनावरं केव्हाच नव्या शेडमध्ये गेली. आता तिथे वाहनतळ होणार म्हणतात.

इमारत धोकादायक आहे हे मला मान्य आहे. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं निर्लेखनाच्या, म्हणजे इमारत दप्तरातून कमी करण्याच्या, तक्त्याबद्दल आहे. त्यात बांधकामाचं वर्ष विचारतात, क्षेत्रफळ विचारतात, मूळ किंमत, घसारा, पाडकामातून निघणाऱ्या मालाची अंदाजे रक्कम विचारतात. सागवानी तुळया किती निघतील हेही त्यात येतं. त्या छपराखाली काय काम झालं, हे विचारणारा रकाना मात्र त्यात नाही. तो असता तर काय काय भरता आलं असतं, हे सांगण्यासाठी आधी एका परक्या गोठ्याची हकिगत सांगतो. जरा लांबेल, पण आपण सगळे याच विद्येतले, तेव्हा कंटाळा येणार नाही अशी आशा आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथे विद्यापीठाच्या आवारात 1897-98 साली बांधलेला एक गोठा आहे. मुलगी तिकडे असल्यामुळे मला तो पाहायला मिळाला. दुधाच्या गाईंसाठी पुढे शेजारीच वेगळी इमारत झाली. जुना गोठा मात्र जागेवर उभा आहे, आणि 2005 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. त्या विद्यापीठात हा दर्जा मिळालेल्या इमारती चार. एक मुलांचं सर्वांत जुनं वसतिगृह, एक विज्ञान भवन, एक व्यायामशाळा-नि-शस्त्रागार, आणि चौथा हा गोठा. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या यादीत गोठा सुचवून पाहा, म्हणजे या गोष्टीचं नवल कळेल.

विस्कॉन्सिन आज दुधाचं राज्य म्हणून ओळखलं जातं, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते गव्हाचं राज्य होतं. वर्षानुवर्षं गव्हावर गहू घेऊन जमिनी झिजल्या, वर किडीनं पिकं खाल्ली, आणि शेतकरी नाइलाजानं गाईकडे वळला. दूध वाढलं तसा दुधातला लबाडपणाही वाढला. चीज कारखाने दूध वजनावर घेत. पाणी घालणारा, साय काढून घेणारा आणि प्रामाणिकपणे घालणारा, तिघांना एकच भाव. 1890 साली याच विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञानं त्यावर तोडगा काढला. खुणा केलेल्या लांब मानेच्या बाटलीत मोजून दूध घ्यायचं, तेवढंच गंधकाम्ल ओतायचं, आम्लानं फॅट सोडून बाकी सगळं विरघळतं. मग बाटली यंत्रात फिरवायची, गरम पाणी घालून फॅट मानेत चढवायचं आणि आकडा वाचायचा. कारखान्यातल्या साध्या माणसाला जमेल अशी ही रीत होती. बॅबकॉकनं तिचं पेटंट घेतलं नाही.

आपल्याकडे रुळली ती स्वित्झर्लंडच्या गर्बरची नळी. ती पद्धतही त्याच सुमाराची, आणि तत्त्वही तेच. माझी निम्मी नोकरी दूध संघात त्या नळ्यांपुढे गेली. आम्लाचे शिंतोडे उडून भोकं पडलेला एक तरी सदरा प्रत्येक टेस्टरच्या घरी असायचा, आणि ‘फॅट कमी लागली’ या वाक्यावरून संकलन केंद्रावर होणारी रोजची हुज्जत तर अजून संपलेली नाही. यंत्रं बदलली, एवढंच.

तर, गोठा. त्याचा आराखडा विद्यापीठाचे वास्तुरचनाकार जेनिंग्ज यांचा, पण आतल्या अकलेत मोठा वाटा फ्रँकलिन किंग या कृषिभौतिकीच्या प्राध्यापकाचा. त्या काळी मुरघासाचे, म्हणजे दाबून, हवा काढून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, हौद चौकोनी असत. कोपऱ्यांत मुरघास नीट दाबला जात नाही, हवा राहते आणि तिथून बुरशी धरते. किंगनं गोल हौदाचा पुरस्कार केला, आणि तसा उंच गोल मनोरा या गोठ्याच्या दर्शनी बाजूलाच उभा आहे. मुरघासाच्या खड्ड्यावर ट्रॅक्टर फिरवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातलं शहाणपण समजवावं लागणार नाही. दुसरी गोष्ट हवेची. 1894 च्या सुमारास हॅरी रसेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्याच कळपाची क्षयासाठी ट्युबरक्युलिन चाचणी घेतली, तर वरून धडधाकट दिसणाऱ्या बहुतेक गाई बाधित निघाल्या. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून कोंडलेल्या गोठ्यात रोग फिरणारच. म्हणून नव्या गोठ्यात किंगच्या पद्धतीची हवा खेळवण्याची सोय आली : ताजी हवा वरून आत, आणि जमिनीलगतची कोंदट हवा धुराड्यासारख्या नळातून छपराबाहेर. वैरणीचा माळा वरच्या मजल्यावर, आणि मागच्या बाजूनं असा चढ की भरलेली गाडी घोड्यांसकट थेट माळ्यावर जावी. डोक्यावरून पेंढ्या वाहिलेल्या माणसाला हा चढ पाहून त्या वास्तुरचनाकाराला हात जोडावेसे वाटतात.

एवढ्यावरही ती इमारत चांगली, पाहण्याजोगी. पण तिला तो दर्जा मिळाला तो मनोऱ्यामुळे नव्हे. आत 1907 ते 1911 या काळात जे घडलं, त्यामुळे.

त्या वेळी पशुआहाराचं शास्त्र जर्मन तक्त्यांवर चालत असे. प्रथिनं किती, कर्बोदकं किती, स्निग्ध किती, हे रासायनिक पृथक्करणानं काढायचं आणि बेरीज जुळली की आहार संतुलित झाला. मग ती प्रथिनं मक्यातली असोत की गव्हातली. बॅबकॉकला हे पटत नव्हतं. पृथक्करणाचाच हिशेब धरायचा तर कोळसाही तक्त्यात बसवता येईल, अशी थट्टा तो करायचा, असं सांगतात. त्याला गाईलाच विचारून पाहायचं होतं. पण गाई रसायनशास्त्राच्या ताब्यात नव्हत्या. त्या पशुसंवर्धन विभागाच्या होत्या, आणि तो विभाग आपली जनावरं असल्या खटाटोपाला द्यायला तयार नव्हता. बऱ्याच मिनतवारीनं दोन गाई मिळाल्या. एकाच धान्यावर ठेवल्यावर त्यातली एक मेली आणि विभागानं प्रयोग बंद पाडला. दोन विभागांतली ही ओढाताण वाचताना मला आपली विद्यापीठं फार जवळची वाटली.

पुढे माणसं बदलली. रसायनशास्त्रात एडविन हार्ट आले, पशुसंवर्धनात जॉर्ज हंफ्री आले, आणि मे 1907 मध्ये 16 कालवडी घेऊन प्रयोग सुरू झाला. चार-चार जणींचे चार गट. पहिल्या गटाला फक्त मक्यापासूनचं : दाणा, मक्याचं ग्लूटेन आणि मक्याचा कडबा. दुसऱ्याला फक्त गव्हाचं : दाणा, गव्हाचं ग्लूटेन आणि काड. तिसऱ्याला फक्त ओट. चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. तक्त्यानुसार चारही आहार सारखे. मीठ सगळ्यांना.

सुरुवातीचे कित्येक महिने काहीच झालं नाही. चारही गट खात होते, वजनं वाढत होती. कुणी घाईनं निष्कर्ष काढून अहवाल सादर केला असता तर ‘गटांत लक्षणीय फरक आढळला नाही’ एवढं एक वाक्य लिहून फाइल बंद झाली असती. फरक दिसला तो हळूहळू, आणि ठळक झाला तो गाई विऊ लागल्यावर. मक्यावरच्या गाई तुकतुकीत, दिवस भरून व्यालेल्या, वासरं उभी राहून लुचणारी. गव्हावरच्या गाईंची केसाळ निस्तेज कातडी, काहींची दृष्टी गेलेली, वासरं दिवस भरण्याआधीच पडलेली, मेलेली किंवा काही वेळात मरणारी. ओटवाल्या मध्येच कुठेतरी. मिश्र आहारावरच्या गाईंचीही वासरं अशक्तच निघाली, जे कुणालाच अपेक्षित नव्हतं. दुधाचं पाहिलं तर गव्हावरच्या गाईंना मक्यावरच्या गाईंच्या सुमारे एक तृतीयांश. पुढच्या वेतालाही चित्र तेच. मग काही गाईंचे आहार अदलाबदल करून पाहिले, तर गव्हावरची मक्यावर येताच सुधारली आणि मक्यावरची गव्हावर जाऊन खालावली.

या भागापाशी मी नेहमी थांबतो. कारण विज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट मोठ्या विजयासारखी सांगतात, आणि आहेही. पण एकामागून एक मेलेली वासरं उचलणाऱ्या, आंधळ्या गाईला हातानं गव्हाणीपर्यंत नेणाऱ्या माणसांना त्या चार वर्षांत काय वाटलं असेल, ते कुठे येत नाही. 1911 साली निकालाची जी पुस्तिका निघाली तिच्यावर चार नावं आहेत : हार्ट, मॅकॉलम, स्टीनबॉक आणि हंफ्री. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्या बॅबकॉकचं नावही लेखकांत नाही, मग गोठ्यात झाडलोट करणाऱ्याचं कुठून असणार.

कारण काय होतं, ते त्या पुस्तिकेत सापडत नाही. तक्त्यात न येणारं काहीतरी अन्नात आहे, एवढंच तिनं ठामपणे सांगितलं. त्या ‘काहीतरी’च्या मागे एल्मर मॅकॉलम लागला. गाईला वाढायला आणि व्यायला वर्षं लागतात. त्याला लवकर उत्तर देणारं जनावर हवं होतं, म्हणून तो उंदरांवर आला. शेतकी महाविद्यालयात उंदीर पोसायचे, ही कल्पनाच अधिष्ठात्यांना रुचली नाही. आधी त्यानं घोड्यांच्या जुन्या तबेल्यातले उंदीर धरून पाहिले, ते चावरे निघाले. मग शिकागोहून पांढरे उंदीर आणले. ते सांभाळायला मार्गरीट डेव्हिस ही तरुणी आली, आणि तिनं कित्येक वर्षं बिनपगारी काम केलं. 1913 मध्ये दोघांनी दाखवून दिलं की लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असा एक स्निग्धात विरघळणारा घटक आहे, जो डुकराच्या चरबीत किंवा ऑलिव्ह तेलात नाही, आणि तो नसला की वाढ खुंटते. पुढे त्यालाच ‘अ’ जीवनसत्त्व म्हणू लागले. गोठ्यातल्या त्याच प्रयोगातल्या हॅरी स्टीनबॉकनं 1924 मध्ये अतिनील किरणांनी अन्नात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करता येतं हे शोधलं. बॅबकॉकनं पेटंट टाळलं होतं, स्टीनबॉकनं घेतलं, आणि त्यातून 1925 साली विद्यापीठाच्या संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था उभी राहिली. दोघांत बरोबर कोण, यावर मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो.

आपल्या दुधाच्या पिशवीवर ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व घातल्याची जी ओळ असते, किंवा नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराच्या लशीबरोबर जो ‘अ’चा डोस पाजतात, त्याची एक मुळी त्या गोठ्यात आहे. आणि एक गंमत : हार्टनं पुढे या कोड्याचा पाठपुरावा केला, तेव्हा दोषी दाण्यापेक्षा काडच जास्त ठरलं. मक्याच्या कडब्याला पानं होती, त्यातून ‘अ’चा अंश आणि कॅल्शियम मिळत होतं. गव्हाच्या वाळक्या काडात दोन्हींचा दुष्काळ. कडबा घेताना पानं चोळून बघणारा आमच्याकडचा शेतकरी हे न शिकता जाणतो, पण ते का, हे सिद्ध करायला 16 कालवडी आणि बरीच वर्षं लागली.

आता मुद्द्यावर येतो. हा प्रयोग जगाला पटला तो कशामुळे? रोजच्या नोंदींमुळे. कुठल्या गाईनं किती खाल्लं, किती टाकलं, वजन किती, केव्हा व्याली, वासराचं वजन किती, किती तास जगलं. एखाद्या महिन्याची पानं गहाळ झाली असती तर विरोधक म्हणाले असते, जनावरं आजारी असतील. नोंदवह्यांची किंमत त्या लोकांना किती होती, याचा एक कडवट पुरावाही आहे. 1917 मध्ये मॅकॉलम दुसऱ्या विद्यापीठात गेला, तेव्हा तो प्रयोगाच्या वह्या घेऊन गेला असा आरोप जुन्या सहकाऱ्यांनी केला, आणि श्रेयावरून जाहीर भांडण झालं. भांडण काही शोभेचं नव्हतं. पण वह्यांवरून भांडले, हे मला आवडलं. आपण वह्या रद्दीवाल्याला किलोवर देतो.

मी विद्यार्थी असताना आमच्या गोठ्यातल्या खोलीत लोखंडी कपाटभर अशा वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, पाठीवर कापडी पट्टी, कोपऱ्यांना शेणाच्या बोटांचे ठसे. रकाने आखलेले : जनावराचा क्रमांक, सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, हिरवी वैरण, वाळली वैरण, आंबोण, उरलेलं, शेरा. आकडे कुणी पर्यवेक्षक इंग्रजीत लिही, शेरा मात्र मराठीत, आणि तो वाचण्यात खरी मजा. ‘पेंड बदलली, तोंड लावत नाही.’ ‘रात्री वार पडली नाही, डॉक्टर साहेब दहाला आले.’ ‘नवीन गडी, धार चोरली.’ 1972 च्या पानांवर हिरव्या वैरणीचा रकाना कित्येक महिने कोराच होता, आणि दुधाचे आकडे कसे उतरत गेले ते बोट ठेवून पाहता येत होतं. शेऱ्यात एका जागी ‘उसाचं वाढं, तेही संपलं’ एवढंच. दुष्काळात कुठल्या जातीच्या गाईनं किती तग धरली, कोणती लवकर माजावर आली, कोणती आटली, हे सांगणारी याहून चांगली सामग्री महाराष्ट्रात किती ठिकाणी असेल? आज हवामानबदलावर आपण मोठमोठे प्रकल्प मागतो. त्यांना लागणारी पन्नास-साठ वर्षांची मालिका गोठ्याच्या कपाटात पडलेली असते, आणि गोठा पाडायच्या आधी कपाट भंगारात जातं. आमच्या कपाटाचं काय झालं हे मी दोन-तीनदा विचारलं. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

आपल्या मातीला हा इतिहास नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून आहे. नागपूरचं कृषी महाविद्यालय 1906 चं, पुण्याचं 1907 चं, म्हणजे बरोबर त्याच वर्षीचं ज्या वर्षी मॅडिसनच्या गोठ्यात त्या 16 कालवडी बांधल्या. राहुरीच्या विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिघींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ उभी केली. या नावामागे किती वेतांच्या नोंदी आहेत, किती निवड आणि किती नकार आहेत, हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. त्या वंशावळीच्या मूळ वह्या काचेत ठेवाव्यात अशा आहेत. देवणी, लाल कंधारी, डांगी, खिलार, गवळाऊ, पंढरपुरी म्हैस, यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जे काम झालं ते कुठल्या ना कुठल्या गोठ्यातच झालं, सभागृहात नाही.

राज्याबाहेर पाहायचं तर बंगळूरचं उदाहरण घ्या. 1923 साली तिथे पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची शाही संस्था सुरू झाली. 1927 मध्ये महात्मा गांधी आजारातून उठून बंगळुरात विश्रांती घेत होते, तेव्हा ते आणि मदनमोहन मालवीय विद्यार्थ्यासारखे त्या संस्थेत जाऊन गोपालन शिकले. पुढे मिशिगनला जाण्याआधी वर्गीस कुरियन यांना सरकारनं पाठवलं तेही तिथेच, आणि त्यांना त्यात काडीचा रस नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. गोठ्यानं आपलं काम केलं तरी ते लगेच दिसत नाही, ते असं.

मी सरसकट सगळे गोठे वाचवा असं म्हणत नाही. सिमेंटच्या पत्र्याची, परवा-परवा बांधलेली शेड पडायला आली असेल तर खुशाल पाडा. दगडी भिंतींची, कौलारू, उतार नि मोऱ्या जिथे डोकं लावून काढल्यात अशी वास्तू असेल तर पाडण्याआधी दोनदा विचार व्हावा, एवढंच. आणि वाचवायची ठरली तर तिचं करायचं काय, या प्रश्नाला उत्तरं आहेत. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात 1907 साली जनावरांच्या परीक्षणासाठी बांधलेला मंडप होता. साठच्या दशकात तो जागचा हलवून त्याचं छोटं नाट्यगृह केलं, आणि विद्यार्थी तिथे नाटकं करतात. मॅडिसनच्याच आवारात जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेली एक मोठी वास्तू आहे, तिथे गायन-वादनाच्या मैफली झाल्या, आणि 1950 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी भाषण केलं. आपल्या एकांकिका करंडकवाल्या पोरांना तालमीला जागा मिळत नाही, ती कुठल्या जिन्याखाली तालमी करतात हे आपण पाहिलंच असेल.

पैसे नाहीत, हे उत्तर मला येणार हे ठाऊक आहे. दुरुस्तीला पैसे लागतात, खरं. पण मी जे आधी मागतो आहे त्याला जवळजवळ लागत नाहीत. निर्लेखनाचा प्रस्ताव वर जाण्यापूर्वी त्या गोठ्यातल्या सगळ्या वह्या, वंशावळीचे तक्ते, कृत्रिम रेतनाच्या नोंदी, जुने फोटो ग्रंथालयाच्या ताब्यात द्यावेत आणि तशी पोच जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकू नये. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवाच असतो. एकाला त्या वह्या संगणकावर चढवायला लावा. वास्तुकला महाविद्यालयाची मुलं इमारतीची मापं घेऊन आराखडे आनंदानं काढून देतील, त्यांना अभ्यासक्रमात हेच करायचं असतं. आणि जे गवळी, हजेरीवरचे मजूर, पर्यवेक्षक अजून हयात आहेत, त्यांना एक दिवस बोलवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांच्या तोंडून निघेल ते कुठल्याही अहवालात नाही. आमच्याकडे एक म्हातारे मामा होते, गाय कुठल्या पायावर जोर देऊन उभी आहे यावरून आज रात्री विणार की उद्या, हे सांगायचे. त्यांची सेवापुस्तिका असेल कुठेतरी, पण ते ज्ञान तिच्यात नोंदलेलं नसणार.

एक इशाराही देतो, कारण आपल्याकडे इतिहास जपायचा म्हटलं की समिती होते, उद्घाटन होतं, आणि कोनशिलेवर पाहुण्यांची नावं कोरली जातात. गोठ्यावर पाटी लावाल तर तिच्यावर मंत्र्यांचं नाव नको. तिथे काय काम झालं, कोणत्या वर्षी, कोणत्या जनावरांवर आणि कुणाच्या हातानं, ते लिहा. जनावरांचे क्रमांक लिहिले तरी चालतील. मॅडिसनच्या गव्हावरच्या गाईंना निदान एक पुस्तिका मिळाली, छायाचित्रांसकट.

माझ्या महाविद्यालयापुरतं सांगायचं तर प्रस्ताव अजून मंजूर झालेला नाही असं कळतं. वह्यांचं ते लोखंडी कपाट नव्या शेडच्या मागच्या गोदामात पाहिल्याचं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो किल्ली हरवल्यामुळे कुणी उघडलंच नाही. किल्ली हरवली असेल तर ते शुभच आहे, वह्या आत असतील. जुनं अक्षर आणि गोठ्यातले संक्षेप वाचणारा माणूस हवा असेल तर मी येईन. मानधन, भत्ता, वाहन काही नको. फक्त कपाट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना तसं एक पत्र आपल्या कार्यालयातून जावं, म्हणजे मी दारात उभा राहिल्यावर मला कुणी ‘आपण कोण?’ असं विचारणार नाही.

कळावे,

आपला,
एक माजी विद्यार्थी आणि निवृत्त दुग्धशाळा पर्यवेक्षक